पान लावण्याची परिभाषा : डीटीपीच्या वर्कस्पेसची ओळख

पृष्ठमांडणीचे कोणतेही सॉफ्टवेअर उघडले की पडद्याच्या मध्यभागी एक कोरे पान येते. पानाच्या आत रंगीत रेषांची चौकट असते, पानाबाहेर रिकामी जागा असते, वर आणि डावीकडे मोजपट्ट्या असतात, एका कडेला टूल्सची उभी पट्टी आणि दुसऱ्या कडेला पॅनेलांची रांग असते. या सगळ्याला मिळून वर्कस्पेस म्हणतात. पुस्तक, दिवाळी अंक, दैनिकाची पुरवणी, लग्नपत्रिका किंवा औषधाच्या खोक्यातले माहितीपत्रक, छापून हाती येणारे बहुतेक सारे आधी याच पडद्यावर आकाराला येते. पेस्टबोर्ड, मार्जिन, ब्लीड, गाइड, फ्रेम, मास्टर पेज, स्टाइल, लेयर, लिंक ही या जागेची परिभाषा आहे. ती बटणांच्या नावांची यादी म्हणून पाठ केली जाते आणि म्हणूनच लवकर विसरली जाते. या प्रत्येक संज्ञेमागे छपाईतला एक जुना, प्रत्यक्ष प्रश्न उभा आहे. कागद नेमका कुठे कापला जाईल? चौकटीत न मावलेला मजकूर कुठे जाईल? दोनशे पानांवर सारखी दिसायला हवी ती गोष्ट सारखी कशी राहील? हे प्रश्न ज्याला उमगले त्याला सॉफ्टवेअर बदलले तरी काम अडत नाही.

यातील बरेचसे शब्द संगणकाहून कितीतरी जुने आहेत. खिळ्यांच्या छापखान्यात जुळारी केसमधून एकेक खिळा उचलून स्टिकमध्ये ओळ जुळवी आणि जुळलेल्या ओळी गॅलीत ठेवी. गॅलीचे प्रूफ निघे, दुरुस्त्या होत, मग मजकुराची पाने बांधली जात आणि ती चौकटीत आवळून फर्मा मशीनवर चढे. ओळींमधले अंतर वाढवायचे तर मध्ये शिशाच्या पातळ पट्ट्या घालत. आजच्या सॉफ्टवेअरमधील लीडिंग हे त्याच अंतराचे माप आहे. पॉइंट आणि पायका ही मापेही तिथलीच. १२ पॉइंटांचा एक पायका होतो. इंग्रजी-अमेरिकी छापखान्यांत एका इंचात सुमारे ७२.२७ पॉइंट बसत. संगणकावरील छपाईने हिशेब सोपा करून इंचाचे नेमके ७२ भाग केले. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकात देवनागरीचे सुबक खिळे घडवले आणि मराठी-संस्कृत पुस्तकांच्या पानाचे रूप ठरवले. अक्षराची जाडी, ओळींतले अंतर आणि पानाभोवतीचा मोकळा कागद यांचा तोल सांभाळण्याची जी नजर त्या काळात तयार झाली, तिचे महत्त्व पडद्यावर काम करतानाही कमी झालेले नाही.

ऑफसेट आणि फोटोटाइपसेटिंग आल्यावर पान शिशाचे न राहता कागदाचे झाले. मजकूर ब्रोमाइडच्या लांब पट्ट्यांवर निघू लागला. त्या पट्ट्या कापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवायच्या, मथळे वेगळे लावायचे, चित्रांच्या जागा सोडायच्या आणि तयार झालेल्या पानाचा कॅमेऱ्याने निगेटिव्ह काढायचा, अशी पेस्टिंगची पद्धत होती. पुठ्ठ्यावर पानाची हद्द आणि स्तंभांच्या कडा फिकट निळ्या रेषांनी आखत, कारण ती निळी छटा फिल्मवर उमटत नसे. पडद्यावरच्या गाइड रेषा दिसतात पण छापल्या जात नाहीत, यामागची कल्पना तीच. हातातले तुकडे पानाच्या बाहेर ठेवायला पुठ्ठ्याची मोकळी कड उपयोगी पडे. सॉफ्टवेअरमधला पेस्टबोर्ड म्हणजे ही कड.

हे काम टेबलावरच्या संगणकावर आणणाऱ्या गोष्टी १९८५च्या आसपास एकत्र आल्या. त्यांची पूर्वतयारी कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात झाली होती. १९७०च्या दशकात तिथे आल्टो नावाचा संगणक आणि ब्राव्हो हा लेखन-संपादक तयार झाला; कागदावर जसे उमटणार तसेच पडद्यावर दाखवण्याचा विचार तिथे प्रत्यक्षात आला. त्याच केंद्रात काम केलेल्या जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये ॲडोबी कंपनी काढली आणि पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा तयार केली. पोस्टस्क्रिप्टमध्ये पान ठिपक्यांनी न सांगता आकारांनी सांगितले जाते. त्यामुळे तीच फाइल साध्या लेझर प्रिंटरवर कच्ची आणि महागड्या इमेजसेटरवर बारीक, रेखीव निघू शकते. ॲपलचा मॅकिन्टॉश १९८४ मध्ये आला, ३०० डीपीआयचा लेझररायटर १९८५ मध्ये आला आणि त्याच वर्षी पॉल ब्रेनर्ड यांच्या आल्डस कंपनीने पेजमेकर बाजारात आणले. ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ (डीटीपी) हे नाव रूढ करण्याचे श्रेय ब्रेनर्ड यांनाच दिले जाते. ते आधी वृत्तपत्रांच्या संगणकीय यंत्रणांच्या धंद्यात होते आणि पेस्टिंगचे टेबल त्यांना चांगले माहीत होते. कंपनीला त्यांनी पंधराव्या-सोळाव्या शतकातील व्हेनिसचा मुद्रक-प्रकाशक आल्डस मॅन्युशियस याचे नाव दिले.

पुढच्या वाटचालीत पान लावण्याच्या काही वेगवेगळ्या परंपरा तयार झाल्या. सॉफ्टवेअरांची नावे बदलत राहिली, तरी त्यामागच्या या परंपरा ओळखू येतात. पहिली पेजमेकरची. तिने पेस्टिंगचे टेबल जसेच्या तसे पडद्यावर आणले. मजकूर पानावर सोडायचा, त्याचा ब्लॉक धरून खालीवर ओढायचा, नको असेल तेव्हा बाजूच्या पेस्टबोर्डवर ठेवायचा. पेजमेकरचा पेस्टबोर्ड सगळ्या फाइलला मिळून एकच असतो, त्यामुळे बाहेर ठेवलेला तुकडा कोणत्याही पानावर गेले तरी समोर दिसतो. हाताने पेस्टिंग केलेल्या माणसाला ही पद्धत शिकवावी लागली नाही, आणि पेजमेकर वेगाने पसरण्याचे एक कारण हेच होते.

दुसरी परंपरा चौकटीची. १९८७ मध्ये आलेल्या क्वार्कएक्सप्रेसने आधी बॉक्स काढायचा आणि मग त्यात मजकूर किंवा चित्र भरायचे, असा नियम घातला. बॉक्सची जागा, रुंदी, उंची, कोन हे सारे आकड्यांत देता येई. नियतकालिकांना आणि जाहिरात संस्थांना हा काटेकोरपणा हवाच होता. १९९०च्या दशकात या क्षेत्रावर क्वार्कचे राज्य होते. ॲडोबीने १९९४ मध्ये आल्डस कंपनी घेतली आणि १९९९ मध्ये इनडिझाइन आणले. त्याने क्वार्कची चौकट घेतली, पेजमेकरचा मोकळेपणा ठेवला आणि पेस्टबोर्ड मात्र प्रत्येक स्प्रेडला स्वतंत्र दिला. पेजमेकरवरून इनडिझाइनवर आलेला ऑपरेटर बाजूला ठेवलेला तुकडा पुढच्या पानावर शोधत बसतो तो या फरकामुळे.

तिसरी परंपरा लांबलचक, रचनाबद्ध दस्तऐवजांची. १९८६ मध्ये आलेले व्हेंच्युरा पब्लिशर आणि फ्रेममेकर ही तिची ठळक उदाहरणे. तांत्रिक पुस्तिका, नियमावल्या, शेकडो पानांचे अहवाल यांत प्रत्येक पान वेगळे सजवण्यापेक्षा शीर्षक, उपशीर्षक, तळटीप, तक्ता यांना ठरावीक रूप देणे महत्त्वाचे असते. परिच्छेदाला खूण द्यायची आणि रूप त्या खुणेवर सोपवायचे, ही सवय या परंपरेने रुजवली. आजच्या पॅराग्राफ स्टाइल्स ती सवयच पुढे नेतात. चौथी परंपरा पडद्यावर पान न पाहता पान घडवणारी. आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे पाहून निराश झालेल्या डोनाल्ड कनुथ या संगणकशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये टेक या प्रणालीचे काम सुरू केले. त्यात लेखक साध्या मजकुरात सूचना लिहितो आणि पान प्रणाली लावते. गणित आणि विज्ञानाच्या ग्रंथांत ती अजून अग्रभागी आहे. एकेक ओळ सुटी न तोडता सबंध परिच्छेद एकदम पाहून ओळी तोडण्याची तिची पद्धत पुढे इनडिझाइनच्या पॅराग्राफ कंपोझरमध्येही दिसते.

आणखी दोन प्रवाह व्यवहारात मोठे आहेत. एक कोरलड्रॉसारख्या रेखांकनाच्या सॉफ्टवेअरचा. व्हिजिटिंग कार्ड, लग्नपत्रिका, हँडबिल, फ्लेक्स अशी एका पानाची कामे महाराष्ट्रातल्या गावोगावच्या डीटीपी सेंटरांत प्रामुख्याने यावरच होतात. दुसरा तयार साच्यांचा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या कॅनव्हासारख्या सेवांत ब्राउझर हीच वर्कस्पेस असते आणि मार्जिन, ग्रिड, फॉन्टांची जोडी हे निर्णय साचा करणाऱ्याने आधीच घेतलेले असतात. या सर्वांच्या बरोबरीने स्क्रायबस हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि २०१९ मध्ये आलेल्या ॲफिनिटी पब्लिशरनेही आपली जागा मिळवली.

परंपरा वेगळ्या असल्या तरी वर्कस्पेसमधील संज्ञा सहा गटांत मांडता येतात. पहिला गट पानाच्या हद्दीचा. नवी फाइल उघडताना विचारले जाणारे पानाचे माप म्हणजे कापून तयार झालेल्या पानाचे माप. मशीनवर जाणाऱ्या कागदाचे नव्हे. मराठी पुस्तक बहुधा डेमी आकाराचे असते, साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. समोरासमोर उघडणाऱ्या दोन पानांचा मिळून स्प्रेड होतो. मजकुराभोवती सोडलेली जागा म्हणजे मार्जिन. पुस्तकाला ती चारही बाजूंना सारखी ठेवून चालत नाही: पाठीवर गोंद लावून बांधलेले पुस्तक पूर्ण सपाट उघडत नाही, म्हणून बांधणीकडची आतली मार्जिन पुरेशी मोठी हवी. दोन स्तंभांतल्या मोकळ्या पट्टीला गटर म्हणतात. चित्र किंवा रंग पानाच्या कडेपर्यंत न्यायचा असेल तर तो कडेच्या बाहेर सहसा ३ मिलिमीटर वाढवतात, तो ब्लीड. कटिंग मशीनचे पाते गठ्ठ्यावर किंचित इकडेतिकडे सरकतेच. ब्लीड नसेल तर सरकलेल्या कापामुळे रंगाच्या कडेला पांढरी रेघ दिसते, आणि ती हजारभर प्रती छापून झाल्यावर लक्षात येते. ब्लीडच्याही बाहेर कामाचे नाव, तारीख, प्रुफाचा क्रमांक लिहायला जी जागा ठेवतात तिला स्लग म्हणतात.

दुसरा गट मोजमापाचा. मोजपट्टी म्हणजे रूलर. तिचा आरंभबिंदू, म्हणजे झीरो पॉइंट, एरवी पानाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि हवा तिथे ओढून नेता येतो. रूलरमधून ओढून पानावर आणलेली रेषा म्हणजे गाइड. जवळ आलेली वस्तू गाइडला आपोआप चिकटते. त्या सोयीला स्नॅप म्हणतात. ग्रिड म्हणजे सबंध पानाची पूर्वनियोजित आखणी. स्विस आलेखक योझेफ म्युलर-ब्रॉकमान यांनी ग्रिडची शिस्त जगभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचवली. पुस्तकासाठी विशेष महत्त्वाची ती बेसलाइन ग्रिड. तिच्यामुळे पानाच्या पुढच्या आणि पाठच्या ओळी एकाच उंचीवर येतात, आणि पातळ कागदातून पाठचा मजकूर दोन ओळींच्या मध्ये डोकावत नाही.

तिसरा गट चौकटी आणि मजकुराच्या प्रवाहाचा. मजकूर टेक्स्ट फ्रेममध्ये राहतो आणि चित्र ग्राफिक फ्रेममध्ये. चित्राची फ्रेम आणि आतले चित्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फ्रेम लहान केली तर चित्र लहान होत नाही, त्याचा दिसणारा भाग कमी होतो. एका फ्रेममध्ये न मावलेला मजकूर दुसऱ्या फ्रेमला जोडता येतो. या जोडणीला थ्रेडिंग आणि जोडलेल्या सबंध मजकुराला स्टोरी म्हणतात. न मावलेला आणि कुठेही न जोडलेला मजकूर म्हणजे ओव्हरसेट. इनडिझाइनमध्ये तो असल्याची खूण फ्रेमच्या खालच्या उजव्या कोपऱ्याजवळच्या लहानशा लाल अधिकचिन्हाने दिसते. हे चिन्ह नजरेआड झाले तर लेखाच्या शेवटच्या चार ओळी छापल्याच जात नाहीत, आणि पान तर भरलेले दिसते. मुद्रितशोधकाला हातातल्या प्रुफावर ही चूक सहज सापडत नाही, कारण जे उमटलेच नाही त्यावर खूण कशी करणार? म्हणून पान सोडण्यापूर्वी ओव्हरसेट तपासण्याची जबाबदारी पान लावणाऱ्याचीच असते.

चौथा गट पुनरावृत्तीचा. पानाचा क्रमांक, पानाच्या माथ्यावरचे पुस्तकाचे वा प्रकरणाचे नाव, कायमच्या रेषा या गोष्टी मास्टर पेजवर एकदाच ठेवतात आणि त्या हव्या त्या सर्व पानांवर उमटतात. इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्यांत यालाच पेरेंट पेज म्हणतात. अक्षरांचे रूप पॅराग्राफ स्टाइल आणि कॅरेक्टर स्टाइलमध्ये साठवले जाते, रंग स्वॉचमध्ये. दोनशे पानांच्या कादंबरीचा मजकूर १२ पॉइंटांवरून साडेअकरावर आणायचा झाल्यास स्टाइल वापरलेल्या फाइलमध्ये एक आकडा बदलावा लागतो. स्टाइल न वापरलेल्या फाइलमध्ये दोनशे पाने पुन्हा लावावी लागतात. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर. एकच माहितीपत्रक मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत काढायचे असेल तर चित्रे एका थरावर आणि दोन भाषांचे मजकूर दोन वेगळ्या थरांवर ठेवता येतात.

पाचवा गट पडद्याच्या मांडणीचा. टूल्सची पट्टी, कंट्रोल पॅनेल, पेजेस पॅनेल, लिंक्स पॅनेल हे भाग हवे तिथे सरकवता येतात आणि आपली मांडणी नाव देऊन जपून ठेवता येते. या अर्थानेही सॉफ्टवेअरच्या मेनूत वर्कस्पेस हा शब्द येतो. पान पाहण्याच्या तऱ्हाही याच गटातल्या. नॉर्मल दृश्यात मार्जिन, गाइड, फ्रेमच्या कडा असे सारे दिसते; प्रिव्ह्यू दृश्यात फक्त छापले जाणार ते. दिवसभर पहिल्या दृश्यात काम करून शेवटी दुसऱ्या दृश्यात सर्व पाने सलग पाहिली की रेषांच्या गर्दीत लपलेले दोष उघडे पडतात.

सहावा गट पान छापखान्यात पाठवण्याचा. पानावर ठेवलेले छायाचित्र बहुधा फाइलच्या आत नसते. मूळ छायाचित्राकडे नेणारी लिंक असते. छायाचित्राचे फोल्डर हलले की लिंक तुटते आणि पडद्यावर चित्र दिसत असूनही छापील प्रत धूसर निघू शकते. फॉन्ट, लिंक, रंग, ओव्हरसेट यांची आपोआप तपासणी म्हणजे प्रीफ्लाइट, आणि फाइल, फॉन्ट, चित्रे एका फोल्डरमध्ये गोळा करणे म्हणजे पॅकेज. कुठे कापायचे ते क्रॉप मार्क सांगतात, चार रंगांच्या प्लेटी एकावर एक नेमक्या बसल्या की नाही ते रजिस्ट्रेशन मार्क. स्वॉचच्या यादीत रजिस्ट्रेशन नावाचा जो काळा दिसतो तो या खुणांपुरताच असतो. तो मजकुराला दिला तर बारीक अक्षर चारही प्लेटींवर जाते, आणि एखादी प्लेट केसभर सरकली तरी अक्षराला रंगीत सावली येते. शेवटी इम्पोझिशन, म्हणजे फर्म्यावर पानांची मांडणी. १६ पानांच्या फर्म्यात पहिल्या पानाशेजारी सोळावे आणि दुसऱ्याशेजारी पंधरावे येते. शेजारच्या दोन पानांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी १७ भरते. हे काम आज छापखान्यातले सॉफ्टवेअर करते, म्हणून त्याच्याकडे पाने वाचनाच्या क्रमाने, सुटी आणि ब्लीडसह पाठवायची असतात.

देवनागरीत काम करणाऱ्याला या सहा गटांखेरीज आणखी एका थराची जाण लागते. ही सॉफ्टवेअरे रोमन लिपीसाठी घडली. त्यांत देवनागरी बसवण्यासाठी १९८० आणि १९९०च्या दशकांत जे मार्ग निघाले त्यांत पुण्याचा मोठा वाटा आहे. तिथल्या सी-डॅकचे जिस्ट तंत्रज्ञान आणि आयएसएम, तसेच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी यांच्या आधारावर महाराष्ट्रातली असंख्य पुस्तके आणि वृत्तपत्रे निघाली. त्या काळच्या फॉन्टांत देवनागरी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. फॉन्ट बदलला किंवा सापडला नाही की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. पेजमेकरला युनिकोड येत नाही आणि जुना मजकूर या फॉन्टांतच अडकलेला. म्हणून २००१ सालच्या ७.० या आवृत्तीनंतर पेजमेकर पुढे गेले नाही, तरी मराठी डीटीपीच्या टेबलावर ते दीर्घकाळ टिकले.

युनिकोडने प्रत्येक वर्णाला स्वतःचा कायमचा क्रमांक दिला आणि जोडाक्षर घडवण्याचे काम फॉन्ट व सॉफ्टवेअर यांच्यावर सोपवले. त्यामुळे वर्कस्पेसमध्ये एक नवा निर्णय आला: कंपोझर कोणता. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता मागे पडते, जोडाक्षरे फुटतात आणि पाय मोडलेली अक्षरे दिसतात. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली आणि फॉन्टमध्ये सोय असली तर ल आणि श यांची मराठी वळणे मिळतात. लीडिंगचा हिशेबही वेगळा होतो. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते. तिच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार किंवा एकाखाली एक बसलेले जोडाक्षर येते. रोमन मजकुराला पुरणारे ओळींचे अंतर इथे अपुरे पडते आणि वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेला टेकतो. म्हणून लीडिंग सॉफ्टवेअरच्या ऑटो आकड्यावर सोडून देण्यापेक्षा निवडलेल्या फॉन्टमध्ये काही ओळी छापून, पाहून ठरवावे लागते. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की अक्षरांच्या रुंद्या बदलतात, ओळी बदलतात, पाने सरकतात. स्टाइल आणि थ्रेडिंग नीट वापरलेल्या फाइलला हा बदल पेलतो; प्रत्येक पानावर सुटे ब्लॉक ठेवलेल्या फाइलला तो पेलत नाही.

ही परिभाषा आज नव्याने समजून घेण्याची गरज अनेक बाजूंनी आहे. पूर्वी लेखक, जुळारी, चित्रकार, मुद्रितशोधक आणि मुद्रक अशा पाच जणांत वाटलेले काम आता पुष्कळदा एकाच माणसाच्या टेबलावर येते. स्वतःचे पुस्तक स्वतः काढणारे लेखक, स्मरणिका काढणारी मंडळे, शाळांची वार्षिके आणि संस्थांचे अहवाल तयार करणारे कर्मचारी यांतील बहुतेकांनी छापखान्यात उमेदवारी केलेली नसते. पडद्यावर उत्तम दिसणारे पान छापताना बिघडते तेव्हा दोष कुठे आहे हे सांगायला त्यांना आणि मुद्रकाला दोघांना कळणारे शब्द लागतात. ब्लीड नाही, फॉन्ट एम्बेड नाही, चित्र छपाईच्या चार रंगांऐवजी पडद्याच्या आरजीबी रंगांत आहे, एवढ्या तीन वाक्यांत जे निपटते त्यासाठी एरवी दिवस जातात. दुसरीकडे, एकच मजकूर आता छापील पुस्तक, पीडीएफ आणि ई-पुस्तक अशा तिन्ही रूपांत जातो. ई-पुस्तकात पान स्थिर नसते, पण शीर्षक कोणते आणि परिच्छेद कोणता हे स्टाइलवरूनच ठरते. आणि साधने तर बदलतच राहणार. पेजमेकर गेले, मायक्रोसॉफ्ट पब्लिशरचा आधार ऑक्टोबर २०२६ मध्ये संपणार असे जाहीर झाले आहे, ॲफिनिटी २०२४ मध्ये कॅनव्हाच्या मालकीचे झाले. एका सॉफ्टवेअरच्या मेनूंवर उभे केलेले ज्ञान अशा प्रत्येक बदलाबरोबर बाद होते. संकल्पनांवर उभे केलेले ज्ञान नव्या साधनात सहज उतरते.

प्रस्तुत पुस्तकाने हाच पाया धरला आहे. ते कोणत्याही एका सॉफ्टवेअरची मार्गदर्शिका नाही. प्रत्येक संज्ञा आधी छपाईतल्या प्रश्नाच्या रूपात, मग पडद्यावरच्या रूपात आणि शेवटी वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांत ती कोणत्या नावाने भेटते या क्रमाने येते. डीटीपीच्या टेबलावर बोलले जाणारे मार्जिन, फ्रेम, ब्लीड, लेयर असे शब्द तसेच ठेवले आहेत. फर्मा, प्रूफ, मुद्रणप्रत, मुद्रितशोधन असे छापखान्यात मुरलेले शब्दही तसेच आहेत. कुणीही न वापरलेले प्रतिशब्द बनवून वाचकाची परीक्षा पाहिलेली नाही, कारण शिकणाऱ्याला उद्या याच शब्दांत ऑपरेटरशी आणि मुद्रकाशी बोलायचे आहे. उदाहरणे मराठी पुस्तके, अंक आणि पत्रके यांच्या मापांची आहेत आणि देवनागरीचे प्रश्न शेवटच्या परिशिष्टात न ढकलता प्रत्येक विषयाबरोबर घेतले आहेत.

सौंदर्यदृष्टी किंवा टायपोग्राफीचा इतिहास शिकवणे हा या पुस्तकाचा हेतू नाही. त्यासाठी स्वतंत्र अभ्यास लागतो. रंगव्यवस्थापन आणि मुद्रणयंत्रे हे विषयही पान बिनचूक पाठवता येण्याइतपतच आले आहेत. नवख्या वाचकाने प्रकरणे क्रमाने वाचावीत आणि वाचताना चार-आठ पानांची एखादी फाइल समोर उघडी ठेवावी: पानाचे माप ठरवावे, ब्लीड द्यावा, मास्टर पेजवर क्रमांक ठेवावा, दोन फ्रेम जोडून पाहाव्यात, मुद्दाम ओव्हरसेट करून लाल खूण ओळखावी, पीडीएफ काढून क्रॉप मार्क तपासावेत. अनुभवी ऑपरेटरने सहाही गटांतील जे आपण सवयीने करतो त्यामागचे कारण पाहावे. त्याच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना तो ते कारण सांगू शकला तर पुस्तकाचा उपयोग दुप्पट होईल. संपादक आणि लेखक यांनी किमान हद्द, प्रवाह आणि छपाईकडे पाठवणी हे तीन गट वाचावेत, म्हणजे कोणती दुरुस्ती एका क्लिकची आहे आणि कोणत्या दुरुस्तीने सगळी पाने सरकतात, याचा अंदाज त्यांना मुद्रणप्रत देण्यापूर्वीच येईल.